धुरी दिलेली गाडी

देवराम जव्हारच्या त्या बंगल्यावर आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. आता डोक्यावर काळा केस शोधावा लागतो. काम एकच, मालकांची छप्पन सालची अमेरिकन शेवरोले सांभाळायची. आकाशी रंग, छप्पर मागं घडी होणारं. इथल्या पावसात चपलांनाही बुरशी येते, पण या गाडीला? नाव नको!

मालक वारले आणि त्यांची लेक उज्ज्वलाताई गाडी विकायला निघाली. ठाण्याचा एक लग्नहॉलवाला घेणार होता, नवरा-नवरी मिरवायला. "गाडीबरोबर ड्रायव्हर म्हणून तुलाही ठेवायला सांगते," ताईंनी देवरामला शब्द दिला. तेवढ्यावर तो जगत होता बिचारा. नाही तर बायकोला घेऊन पुन्हा लहानपणी सोडलेली भिवंडीकडची वीटभट्टी, आणि तीही या वयात!

गिऱ्हाईक आलं. बॉनेटवर हात फिरवला, इंजिन ऐकलं, खूश झालं. मग आत बसलं आणि नाक मुरडलं.

"धुराचा वास येतोय. गाडी पेटली होती का?"

ताईंचा चेहरा पडला. देवराम मात्र कौतुकानं सांगायला लागला, "नाय साहेब! पावसाळाभर मी शेडात शेकोटी धुमसत ठेवतो. आमच्यात नागलीचं बियाणं चुलीवर टांगतात, धुरानं कीड लागत नाय. तसंच. म्हणून तर छपराचं कापड कुजलं नाय."

"पेट्रोलच्या गाडीशेजारी विस्तव?" साहेब उडालाच.

सौदा मोडतोय म्हटल्यावर ताईंनी काय म्हणावं? "अडाणी आहे हो तो. मला काही ठाऊकच नव्हतं." ठाऊक नव्हतं म्हणे! लहानपणी त्याच शेकोटीत रताळी भाजून खाल्ली होती बाईंनी.

"गाडी घेतो," साहेब म्हणाला. "हा माणूस नको. माझा हॉल पेटवेल."

देवरामनं ताईंकडं पाहिलं. ताई मोबाईलमध्ये. दुसरा असता तर भांडला असता, हा बॉनेटवरचे साहेबाच्या बोटांचे ठसे पुसायला लागला.

गाडी साहेबानं आणलेल्या ट्रकवर चढवायची, तर ट्रकवाल्याला ती सुरूच करता येईना. "जरा चढवून दे रे," ताई म्हणाल्या. आणि यानं दिली! एका दमात, ओरखडाही न लावता. किल्ली साहेबाच्या हातात ठेवून तो मागच्या खोलीकडं गेला.

त्याची बायको रंगू नवं लुगडं नेसून, भांडी पोत्यात भरून बसली होती.

"ठाण्याला कधी निघायचं?"

"खोडाळ्याच्या बाजारात भट्टीचा मुकादम मजूर न्यायला आलाय का, इचार कुणाला तरी," देवराम म्हणाला.