लाल घोड्याची बाटली

सोमवारी सकाळी जाग आली, उशाजवळचा चष्मा चढवला आणि समोरच्या कॅलेंडरवरच्या तारखा गायब. भिंतीवर काहीतरी चौकोनी टांगलंय एवढंच कळत होतं. काल काचेवर रस्सा उडाला असेल म्हणून बनियनच्या टोकाने चष्मा पुसला. तेच. तोंडाने "हाऽ" करत वाफ सोडून पुसला. तेच. मग आठवलं, काल मी लाल घोडा प्यायलो होतो.

लाल घोडा ही पोर्ट वाईन. आमच्या तरुणपणी ठाण्यात याहून स्वस्त काही मिळत नव्हतं. मी, गणू आणि सहदेव माजिवड्याच्या एका कंपनीत एकाच पाळीला होतो. पगार झाला की एक बाटली घ्यायची आणि कळव्याला गणूच्या घरच्या मिठागराच्या बांधावर जाऊन बसायचं. खोकल्याच्या औषधात कोकम सरबत ओतावं तशी तिची चव. सोबत फुटाणे, आणि तिघांत मिळून स्टीलचा एक पेला. वास जावा म्हणून परतताना पेरूची पानं चघळायचो. माझी आई वाईनचा वास कधीच ओळखू शकली नाही, पण पेरूच्या पानांचा बरोबर ओळखायची आणि त्यावरून माझी हजेरी घ्यायची.

सहदेवाची एक रीत होती. तो एकदम बाटली उघडू द्यायचा नाही. आधी ती मावळतीकडे धरायचा, आपल्या जाड भिंगाच्या चष्म्यापाशी नेऊन न्याहाळायचा आणि म्हणायचा, "रंग बघा रे आधी." पुढे मुलाच्या कृपेने मी चांगल्या महागाच्या वाईनही प्यायलो. रंग बघ असं मला कुणी म्हटलं नाही, आणि त्या मला आवडल्याही नाहीत.

मग सहदेवाचे डोळे गेले. एका ड्राय डेला दुकानं बंद होती, मी आणि गणू लग्नाला बाहेरगावी होतो, आणि त्याने कुठून तरी पिशवीतली हातभट्टीची आणली. सकाळी त्याला नीट दिसेना. त्याच्या आईला वाटलं, अजून उतरली नाही. तिने लिंबूपाणी पाजलं आणि पांघरूण घालून झोपवलं. तो सगळा दिवस झोपेत गेला. उठल्यावर त्याने विचारलं, दिवे का लावले नाहीत. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणायला हवं होतं.

तेव्हापासून आम्ही लाल घोड्याचं नावही काढलं नव्हतं. काल मात्र श्रावणाआधीचा शेवटचा रविवार, म्हणजे गटारी. गणूने कळव्याला घरी जेवायला बोलावलं आणि मटणाच्या टोपाशेजारी ती बाटली ठेवली. कल्याणच्या कुणा ओळखीवाल्याकडून आणली म्हणाला. मला तेव्हाच खटकलं होतं. ही वाईन बाजारात दिसेनाशी होऊन किती वर्षं झाली! लेबलवरचा घोडा पूर्वीपेक्षा जाडा होता आणि बूच सील नसल्यासारखं हातानेच फिरलं. पण गणू लहान पोरासारखा खूश होता, आणि खरं सांगायचं तर मीही होतो. सहदेव पीत नाही. त्याने नुसता पेला नाकाशी नेला आणि विचारलं, "रंग कसा आहे रे?"

"जांभळासारखा," मी सांगितलं.

"मग तीच," तो म्हणाला आणि पेला माझ्याकडे सरकवला.

मी आणि गणूने ती संपवली. गरम रश्श्याच्या वाफेने काही दिसेना म्हणून दोघांनीही चष्मे काढून ठेवले होते. चाचपडताना सहदेवाचा हात त्यांच्यावर पडला, तेव्हा त्याने ते उचलून खिडकीत ठेवले आणि आम्हाला शिव्या घातल्या. खूप हसलो. डोंबिवलीला परत येताना रस्त्यावरचे दिवे फुटल्यासारखे दिसत होते. मला वाटलं, वाईन चढली.

आता सकाळ झाली होती आणि वाईन उतरली होती.

"चहा गार होतोय," वासंतीने स्वयंपाकघरातून हाक मारली. मी भिंतीला हात लावत गेलो. माझी बायको मला फिकट हिरवा गाऊन आणि त्यावर एक गोल एवढीच दिसत होती. तिला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं असतं तर तिने आधी विचारलं असतं, काय प्यालात, आणि त्याचं उत्तर मोठ्याने द्यायची माझी छाती होत नव्हती. बोललं की ते खरं होईल असं वाटत होतं. डोकं ठणकत होतं. सहदेवाचंही ठणकत होतं म्हणे.

तेवढ्यात सान्वी आली, माझी नात, गणवेशात. "आजोबा, माझी वेणी बघा." मी तिला जवळ ओढलं, अगदी नाकाशी नाक येईपर्यंत. तिच्या भुवईवर एक तीळ आहे. इतक्या दिवसांत मला तो माहीत नव्हता. "आजोबा, सोडा ना, बस येईल," ती म्हणाली. माझ्याने सोडवेना. हा चेहरा मला पुन्हा दिसला नाही तर, असं मनात आलं.

ती गेल्यावर मी गॅलरीत जाऊन अंदाजानेच गणूला फोन लावला.

"गणू, तुला दिसतंय ना नीट?"

त्याने आधी दार लोटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "नाय रं दौलत. जमीन वर येतंय. जिन्यावर पडता पडता वाचलो. घरान कोनाला बोललो नाय."

एकट्या माझं काही असतं तर म्हातारपण म्हणून सोडलं असतं. दोघांचं एकदम होतंय म्हणजे बाटलीच.

"इस्पितळान जाव," गणू म्हणाला. मग हळूच म्हणाला, "आधी सहदेवाला इचार. कसा सुरू होतं ते त्यालाच ठावं."

"तूच विचार."

"मना नाय जमनार."

मलाही जमणार नव्हतं. बांधावर रंग बघायला लावणाऱ्या माणसाला कसं विचारायचं, की बाबा रे, तुझे डोळे कसे गेले? पण वासंती दार वाजवून चहा दुसऱ्यांदा गरम केल्याचं सांगत होती आणि मला सहदेवाचा तो झोपेत गेलेला दिवस आठवत होता. मी फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

सहदेव हसला नाही. "पांढरं दिसतंय? सगळीकडे चुना फासल्यासारखं?"

"नाही. पुसट. कडा फुटल्यासारख्या."

"चष्मा लावून की काढून?"

"अरे, चष्मा लावूनच बघतोय ना मी सकाळपासून!"

"काढ. आणि तळहात डोळ्यांजवळ धर. रेषा दिसतात?"

धरला. एकूण एक रेषा दिसली, नखाखालची हळदसुद्धा. "दिसतात," मी म्हणालो, पण माझा विश्वास बसेना.

"आता त्या चष्म्याच्या काडीचं टोक बघ. उजव्या. चावलेलं आहे का?"

मी बोट फिरवलं. काडीच्या टोकाचं प्लास्टिक कुरतडून खडबडीत झालं होतं. मी आयुष्यात चष्म्याची काडी तोंडात घातलेली नाही. गणू मात्र बांधावर बसायचा तेव्हापासून हाताला लागेल ते चावतो, बुचंसुद्धा. कल्याणच्या दुकानात दोन फ्रेमवर सूट होती म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही दोघांनी सारख्याच काळ्या फ्रेमी घेतल्या होत्या.

"काल खिडकीत ठेवताना हाताला लागलं," सहदेव म्हणाला. "तेव्हाच म्हटलं, हा गणू काही सुधारत नाही. गाढवांनो, एकमेकांचे चष्मे घालून बसलात."

मी गॅलरीतल्या खुर्चीत बसलो आणि रडलो, आणि रडता रडताच हसू फुटलं. गणू माझ्या जाड भिंगांतून जमीन वर येताना बघत जिना उतरतोय, हे डोळ्यांपुढे आलं आणि हसू आवरेना.

"तरी डॉक्टरकडे जाऊन या दोघंही," सहदेव म्हणाला. "आजच. बाटली कुठली, कुणास ठाऊक. पांढरं दिसायची वाट बघू नका."

"जातो," मी म्हणालो. "तुला मात्र हसायला झालं असेल."

"नाही रे," तो म्हणाला. "त्या दिवशी मीही आधी चष्माच पुसला होता. आई म्हणत होती, पूस म्हणजे दिसेल. झोप लागेपर्यंत पुसत होतो."

गणूचा चष्मा माझ्या मांडीवर होता आणि डोळे पुसायला धरलेलं बनियनचं टोक अजून माझ्या चिमटीत होतं.