बांधापलीकडची द्राक्षे

शाहपुरच्या शिवारात केळीच्या कामी दगाचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यामुळे बांधाला बांध असलेल्या चुडामणने केळी मोडून वाइनची द्राक्षे लावली, तेव्हा दगाला तो आपलाच अपमान वाटला. पुढे तर बुऱ्हाणपूरहून लोक वाट वाकडी करून ती बाग पाहायला येऊ लागले. दगाच्या भरदार घडांकडे कुणी मानही वळवीना.

विहीर सामाईक होती आणि पाणी एक दिवसाआड पाळीने मिळे. द्राक्षांवर रंग चढू लागला, तसा दगा बांधावर गेला.

"चुडामण, माझी केळी निसवली आहे. घड भरेपर्यंत तुझीही पाळी मला दे."

पाण्यावाचून बाग जळते, हे प्रत्येक केळीवाल्याप्रमाणे दगाही मानत होता; म्हणूनच त्याने पाळी मागितली होती.

"घ्या ना, दगाभाऊ. महिनाभर घ्या."

त्यानंतर दगा रोज सकाळी वेलींची मलूल पाने पाहून समाधानाने परते. त्याची बायको मनकर्णा म्हणाली, "आपल्या बागेत एवढ्या फेऱ्या मारल्या असत्या, तर तण उरलं नसतं."

महिन्याने व्यापारी आला. त्याने मण्याचा रस साखर मोजायच्या यंत्रावर पिळला, मान डोलावली आणि निम्म्या बागेतले घड तोडून घेतले. "साखर उत्तम. उरलेली आठ दिवसांनी तोडू. तोवर थेंबही देऊ नका, मणी तडकतील."

"अर्धं श्रेय दगाभाऊंचं," चुडामण चारचौघांत म्हणाला. "तोडणीआधी वेल तहानलेला ठेवावा लागतो. पण माझा हात पडला केळीवाल्याचा, पाणी सोडल्याशिवाय राहिला नसता. यांनी पाळीच नेली, म्हणून निभावलं."

दुसऱ्या दिवशी दगा विहिरीवरच्या, द्राक्षांना पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा राहिला. एक पिळा, की उरलेली बाग गेली. हात फिरणार, तोच त्याच्या मनाने हरकत घेतली: श्रेय अर्धे आपले, तर नासेल त्यातही अर्धे आपलेच.

त्याने व्हॉल्व्ह घट्ट आवळून तारेने बांधला आणि शेजारीच बैठक मारली. चुडामण हात धुवायला आला, तसा दगा खेकसला,

"लांब राहा. आपल्या द्राक्षांत पाणी जाऊ द्यायचं नाही मला."

दुपारी मनकर्णा भाकरी घेऊन आली, तरी तो तिथेच होता.

"अर्धं म्हणाला तो," घास मोडत दगा कुरकुरला. "पाऊण म्हणायला जीभ झडली असती का त्याची?"