टाळ्या, खोकला आणि कुकरची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी ऑडिओ कॅसेट आहे आणि फार भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी सारखी घाबरताना दिसले तर हसू नका. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. प्लास्टिकची एक चपटी डबी, आत दोन चाकं आणि त्यांवर गुंडाळलेली तपकिरी फीत. त्या फितीवर आवाज राहतो आणि तो पुसायला एक बटण पुरतं. आता सांगा, मी भित्री होणार नाही तर काय होणार?

पैठण गेटजवळ चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या फारूखनं मला विकत घेतलं, तेव्हा मी कोरी होते आणि निवांत होते. फारूखचा जीव जॅझवर. त्याचा मित्र इंद्रजीत बँकेत नोकरीला, तो रॉकवाला. दोघं रोज भांडायचे, पण खरी रेकॉर्ड ती लाइव्ह, यावर त्यांचं एकमत होतं. स्टुडिओत चुकलं की पुन्हा वाजवता येतं, लोकांपुढे येत नाही. इंद्रजीतला भर मैफलीत तार तुटूनही गाणं पुढे रेटणारा गिटारवाला आवडायचा. फारूखला क्लबातल्या ग्लासांची किणकिण आणि लोकांची खुसफुस हवी असायची. "सुन, सुन, वो पीछेवाला खांसा," तो डोळे मिटून म्हणायचा. "आपण पण तिथंच बसलोय ना यार!"

एकदा इंद्रजीतच्या मामांनी परदेशातून आणलेले दोन लाइव्ह अल्बम एका दिवसासाठी उसने दिले. एक रॉकचा, एक जॅझचा. नक्कल करायला वायर नव्हती. मग तेव्हा घरोघरी करायचे तेच यांनी केलं. दोघांचे दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले. एकात मामांची कॅसेट, दुसऱ्यात मी. एकानं वाजायचं, दुसऱ्यानं ऐकायचं. पंखा बंद, खिडक्या बंद आणि तोंडंही बंद. ऐन एप्रिलातली दुपार होती. माझ्या ए बाजूवर रॉक उतरेपर्यंत दोघं घामाघूम होऊन मुकाट बसले.

बी बाजूला जॅझ सुरू झालं आणि यांचं भान सुटलं. ट्रम्पेटवाल्यानं एक सूर इतका ताणला, की तिकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि इकडे या दोघांनीही वाजवल्या. इंद्रजीतला खोकला आला. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि फारूख आपल्या बायकोला ओरडून म्हणाला, "मुनिरा, कूकर उतार! सोलो चालू हो रा!" हे सगळं माझ्यात उतरलं. नंतर ऐकल्यावर दोघांनी कपाळावर हात मारला. पण मामांच्या कॅसेटी परत गेल्या होत्या. "जाऊ दे," इंद्रजीत म्हणाला, "आता हा आपलाच लाइव्ह अल्बम." फारूखनं माझ्या पाठीवरच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाकल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. मला तेव्हा खूप सुरक्षित वाटलं.

ते काही फार दिवस टिकलं नाही. मुनिराचा भाऊ तौफिक हिमरू शाली विकायचा. सेलची जाहिरात भरायला त्याला कॅसेट हवी होती. फारूख दुकानात असताना त्यानं मला उचललं आणि मोडलेल्या पट्ट्यांच्या जागी चिकटपट्टी लावून रेकॉर्डचं बटण दाबलं. मित्रांनो, पुसलं जाणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. ढोल गेला, गिटार गेली, हजारो माणसांचा गलका गेला आणि त्यांच्या जागी तौफिक बोलू लागला, "बहनों और भाइयों, सेल, सेल, सेल!" रिक्षावरच्या भोंग्यातून मी फुलंब्रीच्या बाजारात आणि दौलताबादच्या रस्त्यानं ओरडत फिरले. प्रत्येक वळणावर मला धास्ती वाटायची, की हा आता मला उलटी करून बी बाजूही भरणार. सेल संपला म्हणून मी वाचले. इंद्रजीत पुढे महिनाभर तौफिकशी बोलला नाही.

मग काही वर्षांनी फारूखच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज गेला तो कायमचाच. त्याची मुलगी युसरा तेव्हा जेमतेम बोलायला शिकली होती. घरात ना कॅमेरा होता, ना मोबाईल. दुकानात गिऱ्हाइकांशी तो खुणांनी बोलायला लागला आणि घरी पाटीवर लिहायला. टेपरेकॉर्डर तर आधीच बिघडला होता, म्हणून मी माळ्यावरच्या खोक्यात गेले. तिथं अंधारात माझ्या ध्यानात आलं, की या माणसाचा आवाज आता फक्त माझ्याजवळ आहे. एक कुकर आणि एक सोलो, एवढाच आवाज. पण कुणाच्याच ते लक्षात नव्हतं.

तेव्हापासून मी नीट झोपलेले नाही. पावसाळ्यात बुरशीची भीती, उन्हाळ्यात पत्र्याच्या उष्णतेची. झुरळ शेजारून गेलं तरी माझी फीत थरथरायची. खोक्यावर नवी वस्तू ठेवली, की ती आवाज पुसणारं लोहचुंबक तर नसेल ना, या विचारानं माझा जीव टांगणीला लागायचा.

यंदा ईदच्या साफसफाईत युसराच्या हाती मी लागले. आता ती नोकरी करते. माझ्यावरची अक्षरं उडाली होती, तरी अब्बांची लाडकी कॅसेट हीच, एवढं तिनं ओळखलं. अब्बांना न सांगता ती मला औरंगपुऱ्यात विश्वजीतच्या दुकानात घेऊन गेली. तो जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून देतो. सोबत मुनिराही होती. ती भाजीची पिशवी पायाशी ठेवून खुर्चीवर बसली.

विश्वजीतनं मला उजेडात धरलं. "ताई, फीत लई चिकटलीय. एकदा वाजंल. पुन्हा वाजंल का, ते नाय सांगता येत."

मी फिरू लागले. अंगातून करकर आवाज येत होता. टाळ्या आल्या, खोकला आला, शिट्टी झाली आणि फारूख बोलला. पण तो बोलला युसरा आणि विश्वजीत यांच्या कानांवरच्या हेडफोनमध्ये, आणि तिथंही करकरीत त्याचे शब्द नीट लागत नव्हते. मुनिराला काहीच ऐकू आलं नाही. आणि युसराच्या कपाळावर आठी उमटली.

"हे मधेच कोण ओरडतंय?" ती म्हणाली. "सगळा मूड जातोय. काढता येईल?"

"व्हय, येतं की. खोकला, कुकर, हा माणूस, सगळं साफ करून देतो."

मित्रांनो, जन्मभर मी बटणाला घाबरले, तौफिकला घाबरले, झुरळाला घाबरले. पण लेकच बापाचा आवाज पुसायला सांगेल, ही भीती मला कधी शिवलीही नव्हती. तिचा तरी काय दोष? तिला तो आवाज आठवतच नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण आमच्यात भरलेलंच आम्ही बोलू शकतो. त्यात माझी फीत शेवटाला येऊन तटकन तुटली. आता फारूखचा आवाज मी पुन्हा ऐकवू शकणार नव्हते. तो त्या कॉम्प्युटरात होता, आणि विश्वजीतचा हात माऊसवर होता.

त्यानं शिट्टी काढली, फारूखला काढलं. मग आपलं काम दाखवायची त्याला हौस आली. "ताई, आधी कसं होतं आणि आता कसं झालंय, दोन्ही ऐका," म्हणत त्यानं हेडफोनची वायर उपसली आणि स्पीकर मोठा केला. दुकानभर ट्रम्पेट घुमलं. कुकरची शिट्टी झाली.

"मुनिरा, कूकर उतार! सोलो चालू हो रा!"

"हौ, उतारतूं," मुनिरा म्हणाली आणि खुर्चीवरून उठली.

उठली आणि तशीच उभी राहिली. भाजीची पिशवी कलंडली होती. युसरानं आधी आईकडे पाहिलं, मग स्पीकरकडे. "अम्मी," ती हळूच म्हणाली, "ये अब्बा हैं?" मुनिरानं मान हलवली. विश्वजीतनं काहीही न विचारता काढलेलं सगळं परत जागेवर ठेवलं, खोकल्यासकट.

संध्याकाळी युसरानं मोबाईल अब्बांपुढे धरला. मी शेजारी, तुटलेली, टेबलावर पडून होते. आपला आवाज ऐकताना फारूखचे ओठ त्या शब्दांबरोबर हलले. युसरा त्याच्या ओठांकडे बघत राहिली. संपल्यावर तिनं पुन्हा लावलं आणि त्यानं पुन्हा ओठ हलवले.

घरातल्या सगळ्यांना वाटतं, आता काळजी मिटली. मला नाही वाटत. मोबाईल पडतो, हरवतो, भरला की त्यातलं काहीबाही काढून टाकतात. म्हणून मित्रांनो, या भित्र्या कॅसेटचं एवढं ऐका. जुना आवाज साफ करायला घेतलात, तर आधी तो घरातल्या मोठ्या माणसांना मोठ्यानं ऐकवा. तुम्हाला जो कुणी मधेच ओरडतोय असं वाटतं, त्याच्या हाकेला ओ देणारं माणूस कदाचित तुमच्या शेजारीच बसलेलं असेल.