निळ्या पेशींची पैज

कापड रंगवायच्या रंगशाळेत दोघा म्हाताऱ्या भावांपैकी थोरल्यांचा पाय घसरला आणि ते निळीच्या हौदाच्या काठावरच आपटले. गुडघा फुटला तो फुटला, वर घरात सभा भरली.

"आता दोघांपैकी एकाने तरी घरी बसायचं," सूनबाईंनी निकाल दिला.

"धाकट्याला बसवा," थोरले म्हणाले.

"पडलं कोण?" धाकट्यांनी विचारलं.

दोघा भावांचा जन्म कापड रंगवण्यात गेला होता. हात कोपरापर्यंत निळे. साबणाने त्यांच्यापुढे कधीच हात टेकले होते.

तेवढ्यात प्रयोगशाळेत काम करणारी नात म्हणाली, "आमच्याकडे म्हाताऱ्या पेशींचा अभ्यास चाललाय. अशी पेशी एकीच्या दोन व्हायची थांबते. ते बरंच असतं, बिघडलेली पेशी वाढत सुटत नाही. पण काही मरतही नाहीत. ठिय्या देऊन बसतात आणि असं काही पाझरत राहतात की शेजारच्या धडधाकट पेशीही सुजतात, बिघडतात. पुढे गुडघे धरतात, रक्तवाहिन्या धरतात."

"स्वतः काम करायचं नाही आणि दुसऱ्याचं डोकं उठवायचं," धाकटे म्हणाले. "दादा, तुझीच गोष्ट सांगतेय ही."

कातडीच्या तुकड्यावर तपासणीचा रंग घातला की या पेशी निळ्या दिसतात असं कळलं मात्र, भावांची पैज लागली. ज्याच्या जास्त निळ्या, तो घरी.

"अहो आबा, एका तुकड्यावरून माणूस किती म्हातारा ते ठरत नाही!" नात म्हणाली.

ऐकतो कोण? थोरल्यांनी तर त्या दिवशी प्रार्थनेत आरोग्य मागायचं सोडून भावापेक्षा कमी निळेपण मागितलं. मग देवासमोर असलं मागणं मागितल्याची लाज वाटून ते परतही घेतलं.

निकाल आला. नात कपाळाला हात लावून बसली होती. "दोघंही साफ निळे! तपासणीचा रंग न घातलेला तुकडाही निळाच. दिलात कुठला?"

"नर्स म्हणाली हात पुढे करा. केला."

"अहो, ती तुमची नीळ आहे!"

मग जिथे हौदाचा थेंबही पोचला नव्हता अशा कमरेवरचा तुकडा घेतला. थोरले जिंकले. धाकट्यांनी एप्रन काढला, घडी करून रंगशाळेतल्या खुंटीखाली ठेवला आणि आपल्या खोलीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी थोरले ऐटीत एकटेच रंगशाळेत गेले. ओलं कापड पिळायला दोन टोकांना दोन माणसं लागतात. त्यांनी एक टोक खुंटीला बांधलं आणि जोर लावून पीळ दिला. खुंटी उपटली, कापड गरगर सुटलं आणि सपकन तोंडावर बसलं.

कपाळापासून दाढीपर्यंत निळे होऊन ते भावाच्या खोलीपाशी उभे राहिले.

"काय दादा, जिंकलास ना?"

"जिंकलो. चल आता."

"माझ्या पेशी…"

"त्याही आण. दुसरं टोक कोण धरणार?"

नात हसली. "आबा, याच पेशी जखम भरतानाही कामाला येतात बरं. थोडा वेळ थांबून बाकीच्यांना मदतीला बोलावतात."

"हौदावर मात्र मी," सूनबाई गरजल्या. "तुम्ही दोघांनी स्टुलावर बसून पिळायचं."

दोघांनी निमूट माना डोलावल्या. देवाचं नाव घेऊन कापड उचललं.

"उजवीकडे पीळ रे!"

"माझ्या उजवीकडे की तुझ्या?"

हा वाद त्यांच्या तरुणपणापासूनच मिटायचा राहिला होता.