नोंदीसाठी पत्ता

विधानभवनाच्या दारात शिपायाने माझ्या पिशवीतली विणकामाची कात्री काढून घेतली. शेजारच्या रांगेतून माझ्या धाकट्या बहिणीचा, लोरीनचा, नवरा ड्वेन आला. त्याने पिस्तुलाचा परवाना दाखवला आणि कमरेचं पिस्तूल तसंच ठेवून तो आत गेला. आमच्या राज्यात परवानेवाल्यांना शस्त्र आत नेता येतं; त्यांची रांग वेगळी असते आणि ती भराभर सरकते.

"काय मेहुणीबाई, कात्री घेऊन कुणावर निघाला होतात?" जाता जाता त्याने विचारलं.

बायकोला मारहाण करणाऱ्यांच्या बंदुका काढून घ्यायच्या विधेयकावर आज सुनावणी होती. लोरीन बाजूने बोलणार होती. तीन महिन्यांपूर्वी ती घरातून पळाली होती, आणि ती कुठे राहते हे माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

ड्वेन नेमका माझ्या आणि लोरीनच्या मागच्या बाकावर येऊन बसला.

"त्याला बाहेर काढा," मी शिपायाला म्हटलं.

"सुनावणी सगळ्यांना खुली असते, बाई."

खुली म्हणे. माझ्या कात्रीला मात्र बंद.

लोरीनचं नाव पुकारलं. ती माइकसमोर जाऊन बसली.

"नोंदीसाठी पूर्ण नाव आणि पत्ता सांगा," अध्यक्ष कागदातून मान वर न काढता म्हणाले. प्रत्येकाला ते हेच विचारत होते.

लोरीनने शाळेतल्यासारखं सरळ उत्तर दिलं. "लोरीन हॅस्केट. अकरा, मिल रोड, मागच्या जिन्याने वर."

मग तिचा चेहरा पांढराफटक पडला.

माझ्या मागून ड्वेनचा आवाज आला, अगदी नम्र.

"जरा पेन देता का?"