चांगला कफील

हाजराचं म्हणणं साधं होतं. माणूस चांगला असला म्हणून आपली दोरी त्याच्या हातात असणं चांगलं ठरत नाही. पण हे कुणाला पटवायला जावं तर पालथ्या घड्यावर पाणी. सौदीत, अल-खोबरला, जो भेटेल तो आधी विचारणार, "कफील कसा होता?" कफील म्हणजे ज्याच्या नावावर आपला इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, ज्याच्या होकाराशिवाय आपल्याला देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही, तो. चांगला होता म्हटलं की लोक "मग झालं तर" म्हणून दुसरा विषय काढतात. वाईट होता म्हटलं की खुर्ची पुढे ओढतात.

आता हाजरा खोबरच्या एका पाळणाघरात होती आणि सुखात होती. पण त्याआधीची उमेदीची वर्षं तिने हफ्र अल बातिनमधल्या एका घरात, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची सेवा करण्यात घालवली होती. तिला तिथे लावून दिलं होतं रत्नागिरीकडच्या तिच्याच गावच्या सिराजुद्दीनने. आणि आता तोच सिराजुद्दीन त्याच कफीलच्या भावाकडे आमिनाला पाठवत होता. आमिना म्हणजे हाजराच्या थोरल्या बहिणीची, जैनबची, मुलगी. तिशी ओलांडलेली, नवऱ्याने टाकलेली, पदरात एक लेक. हाजराने फोनवर घसा कोरडा केला, पण जैनबचं उत्तर ठरलेलं. "तू गेलीस ती चालली, आणि माझ्या पोरीला नको?"

म्हणून हाजराने ठरवलं, लिहूनच काढायचं. बोललं तर ती बाईची बडबड, छापून आलं तर पुरावा. गावात अशीच रीत होती, त्याला ती तरी काय करणार. खोबरच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक अमिता काढायची. इंजिनिअरची बायको, लग्नाआधी सांगलीला कॉलेजात इतिहास शिकवणारी. यंदा ती स्वतःच अमेरिकेतल्या गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांनी लिहिलेल्या आत्मचरित्रांवर लेख लिहीत होती, त्यामुळे हाजरा म्हणजे तिला घरबसल्या देव पावल्यासारखं झालं.

शुक्रवारी दुपारी दोघी बसल्या. अमिताने पहिलाच प्रश्न विचारला, "मारायचा का हो?"

"नाही."

"उपाशी ठेवायचा?"

"छे. त्यांच्या ताटातलं मला मिळायचं. ईदला नवे कपडे. पगार वेळेवर."

अमिताचं पेन थांबलं. हाजराला ते दिसलं आणि राग आला. अंगावर वळ नाहीत म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, असंच ना?

पण अमिता प्रामाणिक बाई. तिने स्वतःच जीभ चावली. "थांबा हाजराताई, मीच चुकले. त्या सुटलेल्या गुलामांनीही हेच केलंय. नुसतं दुष्ट मालकाबद्दल लिहिलं की वाचणारा म्हणायचा, तो एक नासका निघाला, बाकीचे बरे असतील. म्हणून त्यांनी बऱ्या मालकाबद्दलही लिहिलं. तो हसायचा, खाऊ घालायचा, आणि तरी मी त्याच्याच मालकीचा होतो. असं लिहिल्यावर वाचणाऱ्याला पळायला जागा उरत नाही."

"मग माझं तसंच लिहा," हाजरा म्हणाली.

आणि तसंच लिहिलं. त्या माणसाला ती बाबा म्हणायची. तिचा पासपोर्ट बाबाच्या कपाटात, त्याच्या मुलांच्या पासपोर्टांबरोबर असायचा. "तू काय परकी आहेस?" म्हणायचा. गावाहून आई गेल्याचा फोन आला, तेव्हा तो हाजराबरोबर रडला. आईच्या नावाने बकरा कापून त्याने गरिबांना वाटला. रजेचा कागद मात्र केला नाही. "तू गेलीस तर माझ्या आईला कोण भरवणार?" म्हातारी खरोखर हाजराच्याच हातून खायची. म्हातारी वारली तेव्हा त्याने स्वतः गाडी काढली, पासपोर्ट तिच्या हातात दिला आणि डोळे पुसले. त्याची गरज संपली तेव्हा हिची सुटका झाली, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

लेख वाचून संपवल्यावर अमिताने एकही शब्द खोडला नाही. हाजराला वाटलं, जमलं. तिने तिथेच बसून तो सगळा फोनमध्ये वाचून जैनबला पाठवला. छापील अंक येईपर्यंत थांबायला वेळ कुठे होता?

थोड्या वेळाने जैनबचा निरोप आला. हाजराने तो मोठ्याने लावला.

"ऐकलं गो सगळं. रडले मी. पण तूच सांगतेस ना, त्यानं हात उगारलान नाय, पोटभर घातलान, आईच्या नावानं बकरा कापलान. इथं आमिनाच्या नवऱ्यानं काय केलंन ते तू बघितलंस. माझी धाकधूक गेली बघ. अल्ला करो, पोरीला तुझ्यासारखंच घर मिळो."

हाजराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढं तोलून मापून सांगितलं आणि बहिणीने त्यातून बरोबर नको तेच वेचलं. राग तरी कुणावर काढायचा? जैनब काही मूर्ख नव्हती. ज्या घरातल्या पोरीने नवऱ्याच्या लाथा खाल्ल्या, तिथून बघणाऱ्याला न मारणारा मालक म्हणजे जन्नतच.

"ताई, लिहा," ती म्हणाली, "तो मारायचा."

"पण तो मारत नव्हता."

"मला माहीत आहे."

अमिताने कागद बाजूला सरकवले. "असं करू नका. त्या पुस्तकांवर विरोधक टपून बसलेले असायचे. एक गाव, एक नाव चुकलं तरी सगळं पुस्तक खोटं ठरवायचे. म्हणून ते लोक खऱ्याला धरून राहिले. त्यानेच शेवटी लोकांची मतं फिरली."

"फिरायला किती काळ लागला?"

"बरीच वर्षं. शिवाय मोठं युद्धही झालं."

"आमिनाचं विमान बुधवारी आहे," हाजरा म्हणाली आणि तिने थोरल्या बहिणीला फोन लावला.

"बुबू, ऐक. लाज वाटली म्हणून लेखात घातलं नाही. तो मारायचा. पट्ट्याने. त्याचा भाऊ तर त्याच्याहून वाईट आहे."

पलीकडे जैनब रडायलाच लागली. "अगो, मग आधी का नाय बोललीस? किडे पडोत मेल्याच्या हातांना. नाय पाठवत. सिराजुद्दीनला आत्ताच्या आत्ता सांगते." बोलता बोलता तिने त्या माणसाचा सात पिढ्यांपर्यंत उद्धार केला. हाजरा ऐकत होती. खरं ऐकून जी हलली नाही, ती एका खोट्यावर डोळे मिटून विसंबली. आणि ज्याने कधी बोटही लावलं नाही, तो गावभर मारकुटा झाला. आमिना वाचली याचा आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्यात खडा लागत होता.

फोन ठेवल्यावर अमिता हळूच म्हणाली, "अंकात मात्र खरं तेच छापू. यंदाच्या अंकातला सगळ्यात चांगला लेख आहे हा."

"अंक गावाला, सिराजुद्दीनपर्यंत, जातो ना?"

"हो. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळीकडेच जातो."

हाजराने टेबलावरचे कागद उचलले, दुमडले आणि पर्समध्ये टाकले.

"मग छापू नका," ती म्हणाली.