मुनीराचा होकार

पाण्याचा दिवस होता. चार दिवसांनी नळ आला, की शुक्रवार पेठेतल्या त्या बोळाला दुसरं काही सुचत नाही. घागरी, बादल्या, तेलाचे रिकामे डबे, सगळं दारात येतं आणि बोलण्यालाही ऊत येतो. खैरुनबीचा हंडा भरून वाहत होता, तरी तिचा हात नळीवरच होता.

"अगं खैरून, तळं करतीस की काय बोळात? मासं सोडायचं हायत व्हय?" शेजारची काशम्मा ओरडली. बायका हसल्या.

खैरुनबी हसली नाही. बोळाच्या तोंडातून एक माणूस येत होता. स्वच्छ पांढरे कपडे, काखेत खजुराचा डबा. त्याने कुणाला पत्ता विचारला नाही. ओल्या फरशीवर जपून पाय टाकत तो थेट तिच्याच दाराशी येऊन थांबला.

खैरुनबी साठीची. पाच वेळची नमाज आणि टॉवेलच्या कडा शिवायचं मशीन, एवढ्यात तिचा दिवस सरायचा. धाकटा मौलाली अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर होता. त्याची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. थोरला दस्तगीर नऊ वर्षांपूर्वी परदेशी गेला, त्याआधीच त्याची बायको काविळीने गेलेली. त्यांची मुलगी मुनीरा आता सोळा वर्षांची, अकरावीत शिकत होती.

दस्तगीर दुबईला ड्रायव्हर आहे, असं बोळात सगळ्यांना ठाऊक होतं. तो ड्रायव्हर नाही, हे घरातल्या माणसांना ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी त्याचा फोन आला होता. "अम्मा, मैं अमीर बन गया." अमीर म्हणजे म्होरक्या. दूरच्या एका डोंगराळ मुलखात देवाचं नाव घेऊन माणसं मारणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या झाला होता. तिकडे त्याने नावही दुसरं घेतलं होतं, म्हणून इकडे कुणाला सुगावा लागला नाही. आणि पस्तीस दिवसांपूर्वी मौलालीच्या मोबाइलवर दोन ओळी आल्या, की दस्तगीर मारला गेला. त्या दिवशी आवाज शेजारी जाऊ नये म्हणून खैरुनबी शिवणमशीन चालू ठेवून रडली होती. ना फातिहा, ना कुणाचं सांत्वन. दुबईचा ड्रायव्हर कसा मेला म्हणून सांगायचं?

पाहुणा आत आला, उजवा हात छातीवर ठेवून वाकला.

"शहीद की माँ को सलाम."

तिने तिथल्या तिथे त्याला अडवायला हवं होतं. पण पस्तीस दिवस ज्या लेकाचं नाव तोंडातून काढता आलं नव्हतं, त्याला कुणीतरी पहिल्यांदा मान देऊन बोललं होतं. आईचं मन ते. तिला आतून ऊब वाटली, आणि तिने तो सलाम घेतला.

त्याने नाव सांगितलं नाही. "खादिम समझिए," म्हणाला, म्हणजे सेवक. आवाज इतका मऊ, की त्या दिवशी घरी असलेल्या मौलालीला पुढे झुकून ऐकावं लागत होतं. दस्तगीरची जागा रिकामी होती आणि त्या जागेवर दोघे हक्क सांगत होते. एक दस्तगीरचा उजवा हात समजला जाणारा, वयाने मोठा. दुसरा तरुण, तडफदार. माणसं निम्मी निम्मी वाटली गेली होती. अशा वेळी तिकडे एक रीत होती. गेलेल्या म्होरक्याची मुलगी ज्याच्या घरात जाईल, त्याच्या हातावर हात ठेवून सगळे निष्ठेची शपथ घेत. खादिम त्यातल्या वयाने मोठ्या दावेदारासाठी मुनीराला मागायला आला होता.

"उनकी उमर क्या है?" खैरुनबीने विचारलं.

"ऐसे लोगों की उम्र नहीं गिनी जाती, अम्मीजान."

"घर में औरत हैच ना?"

"दो हैं. दोनों दुआ कर रही हैं कि तीसरी जल्दी आए."

मौलालीला हसू येऊ लागलं होतं. खादिमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते त्याच्या घशातच राहिलं.

येत्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, दुपारच्या नमाजनंतर फोनवरच निकाह लागणार होता. साक्षीदार खादिम आणणार, मुलीला न्यायची सोयही तोच करणार. "दस्तगीर भाई की भी यही ख़्वाहिश थी," असं म्हणून तो उठला. हे खरं की खोटं, ते विचारायला दस्तगीर कुठे होता?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मौलाली कामावरून घरी आला. केसात कापसाचा भुगा तसाच, तोंड पांढरं पडलेलं. मागावर असताना त्याला फोन आला होता. तरुण दावेदाराचा माणूस होता. तोही 'भाईजान' म्हणूनच बोलला होता.

"क्या बोल्या?" खैरुनबीने मशीन थांबवलं.

"बोल्या, लडकी हमकू देव. नै तो किसीकू मत देव." मौलाली भिंतीला टेकून खाली बसला. "और बोल्या, दस्तगीर रात कू किदर सोता, ये दुश्मन कू किसने बताया? वो बुड्ढे कू पूछो."

"और बुड्ढे कू पूछे तो?"

"मैंने खादिम कू फोन लगाके पूछा, अम्मा. वो इस जवान का नाम लेता."

दारात चप्पल वाजली. कॉलेजची पिशवी खांद्याला तशीच ठेवून मुनीरा उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"मतलब दोनों में से एक ने अब्बा कू मारा," ती हळूच म्हणाली. "और मेरेकू उसीच के घर जाना है?"

मुनीराने पिशवी खुंटीला अडकवली, तांब्याभर पाणी पिऊन आत गेली. मग मौलाली म्हणाला. "एक कू तो देनाच पडेगा अम्मा. नै तो दोनों आते. मेरे बच्चे का बी सोच."

तो वाईट माणूस नव्हता. भाचीच्या, पुतणीच्या आयुष्याचे निर्णय आपल्याकडे वाईट माणसांपेक्षा घाबरलेल्या भल्या माणसांनीच जास्त घेतले आहेत.

जुम्म्यापर्यंतचे ते तीन दिवस खैरुनबीने नेमाने काढले. नमाज चुकली नाही, टॉवेलचे गठ्ठेही वेळेवर गेले. फक्त सजद्यात माथा टेकला, की नेहमीची दुआ ओठावर येईना. लेकाला क्षमा कर म्हणायला गेली, की डोळ्यांपुढे खुंटीला पिशवी अडकवणारी नात यायची.

जुम्म्याला खादिम दोन अनोळखी माणसं घेऊन आला. मौलालीने मधल्या दाराला चादर लावली. बाहेर पुरुष, आत आजी आणि नात. फळीवर मोबाइल उभा केला. पलीकडून कुणाच्या तरी श्वासाचा आवाज येत होता, मधूनच खोकला. तोच नवरदेव.

खादिम चादरीजवळ आला. नाव घेऊन, मेहरची, म्हणजे वधूला द्यायची, रक्कम सांगून त्याने विचारलं, "मुनीरा बिन्ते दस्तगीर, आपको यह निकाह क़बूल है?"

या घरांमधली रीत अशी, की मुलगी लाजून गप्प बसते आणि तिच्या पाठीशी बसलेली वडीलधारी बाई तिच्या वतीने "हौ" म्हणते. ते बाहेर ऐकू गेलं, की झालं. खैरुनबीचं लग्न तसंच लागलं होतं. तिची फुफी, म्हणजे आत्या, "हौ" म्हणाली, तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि तिला प्रश्नही नीट कळला नव्हता. पुढे नात्यातल्या चार मुलींचं "हौ" तिनेच म्हटलं होतं. त्यातल्या एकीलाही तिने आधी विचारलं नव्हतं.

"क़बूल है?" खादिमने पुन्हा विचारलं. मग जरा थांबून, "अम्मीजान?"

मुनीरा आजीकडे पाहत होती. खैरुनबीने तिचा थंडगार हात धरला.

"मेरी तरफ नक्को देख. धरम ने तेरेकू पूछने कू बोल्या, मेरेकू नै. तू बोल."

"दादी..."

"जोर से बोल."

"नक्को!" मुनीरा म्हणाली. आवाज चिरकला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "मेरेकू नक्को. क़बूल नै!"

फोनमधला खोकला थांबला. खैरुनबीने चादर बाजूला सारली आणि परक्या पुरुषांसमोर उघड्या तोंडाने उभी राहिली.

"सुन लिये ना? अब उठो."

"अम्मीजान, आप शहीद की माँ हैं. सोच लीजिए."

"मेरा बेटा शहीद नै था," ती म्हणाली. हे शब्द उच्चारताना तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "लोगां कू मारता था. और उसकी जगा पे बैठने कू तुमना उसकी बच्ची होना? ज्या अल्लाच्या नावानं मागतोस, त्याला मी रोज पाच वेळा हाक मारते. त्यानं मला असलं काही मागितलेलं न्हाई." शेवटचं ती मराठीत कधी बोलू लागली, तिचं तिला कळलं नाही.

खादिम रागावला नाही. त्याने फोन उचलला, खिशात ठेवला. उंबऱ्यात वाकून चपला घालता घालता म्हणाला, "दूसरी तरफ़ वाला इतना नर्म नहीं है. अल्लाह आपकी हिफ़ाज़त करे."

त्याची पावलं बोळातून दूर गेली, तरी मौलालीची मान वर झाली नव्हती. खैरुनबीने बुरखा चढवला आणि मुनीराला घेऊन काशम्माच्या दारात गेली.

"काशम्मा, पोलीस चौकीत चलतीस का माज्यासंगं?"

रिक्षात तिने सगळं सांगितलं. काशम्मा ऐकत होती आणि तिच्यापासून थोडी थोडी दूर सरकत होती.

"दुबईला डायवर म्हणत होतीस की गं!"

"व्हय."

"चार वर्सं! तितं मानसं मरत होती आन तू माज्या जोत्यावर बसून पोराचं कौतिक सांगत होतीस! लाज न्हाई वाटली?"

"वाटली. म्हणूनच बोलले न्हाई."

"शिवा शिवा," म्हणत काशम्मा बाहेर बघत राहिली. पार्क चौक गेला, सिग्नल गेला. मग ती मुनीराकडे वळली. "पोरी, जेवलीस का सकाळपासनं?" मुनीराने मान हलवली. "मग आधी हिला कायतरी खायाला घालू. उपाशी पोटी काय सांगनार ती सायबाला?"

चौकीत चंद्रिका मॅडम म्हणून उपनिरीक्षक होत्या. त्यांनी तिघींना आतल्या खोलीत बसवलं, वही उघडली.

"मारला गेलेला तो तुमचा कोण?"

"मी त्याची आई," खैरुनबी म्हणाली.

दोन तास लागले. मध्येच मौलाली आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने आपला मोबाइल मॅडमच्या टेबलावर ठेवला, "यात सगळे नंबर हायत," एवढंच म्हणाला आणि आईच्या मागे उभा राहिला. मॅडमनी वर फोन केले, घराजवळ माणूस ठेवायची व्यवस्था केली. मुनीराने एकटीने कॉलेजला जायचं नाही, मौलालीच्या बायकोने इतक्यात परतायचं नाही, असं निक्षून सांगितलं. धोका टळला, असं त्या म्हणाल्या नाहीत.

"आणखी काही सांगायचंय, आजी?"

"सांगायचं न्हाई. विचारायचं हाय. त्यानं कुनाकुनाला मारलं, त्यांची नावं कुटं लिवलीत का?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कशाला हवीत?"

"पाच वेळा हात पसरून मी एकाच पोरासाठी मागत आले. त्याला जप, त्याला माफ कर. तो ज्यांच्यावर चालून जायचा, त्यांचं नाव एकदाबी घेतलं न्हाई. त्यांच्याबी आया असतीलच की."

मॅडम बराच वेळ संगणकात शोधत होत्या. त्या मुलखातल्या एका वर्तमानपत्राची तीन वर्षांपूर्वीची बातमी सापडली. दस्तगीरच्या टोळीने भाजीबाजारात घडवलेला स्फोट, तेवीस माणसं ठार. खाली इंग्रजीत यादी होती. त्यांनी पडदा मुनीराकडे वळवला.

मुनीराने आजीकडे पाहिलं, मग वाचायला लागली. पहिलं नाव टोमॅटो विकणाऱ्या एका बाईचं होतं. गुलअंदाम.

काशम्माने डोक्यावर पदर घेतला. मौलाली भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

खैरुनबीने ते नाव उच्चारून पाहिलं. चुकलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा अडखळली. तिसऱ्यांदा नीट आलं.

"आगे पढ," ती म्हणाली.